बावन्नातून सत्तावीस गेले, उरले पस्तीस

आदरणीय बाई, स.न.

जूनमध्ये मी पदोन्नतीने मुख्याध्यापिका झाले. बीड जिल्ह्यातली जिल्हा परिषदेची शाळा आहे. पहिली ते सातवी, पट १८४, माझ्यासह आठ शिक्षक. निम्म्याहून जास्त मुलं ऊसतोड कामगारांची. दिवाळी झाली की बरीच मुलं आई-बापांबरोबर कारखान्याकडे जातात, काही आजी-आजोबांजवळ राहतात आणि आमच्या हंगामी वसतिगृहात जेवतात. एकेकटे पाहिले तर माझे शिक्षक कुणीच वाईट नाहीत. पण चौघे एकत्र बसले की एकच सूर लागतो : ‘मॅडम, आपल्या पोरांचं काही होत नाही. घरी बघणारं कुणी नाही, दिवाळीनंतर वर्ग ओस. किती जीव काढायचा?’ पायाभूत चाचणीनंतर पाचवीच्या सरांनी चौथीकडे बोट दाखवलं, चौथीच्या मॅडमनी तिसरीकडे. मी तालुक्याहून वक्ते बोलावून प्रेरणादायी व्याख्यान ठेवलं. ‘महिन्याचा उत्कृष्ट शिक्षक’ सुरू केलं, तर पहिल्याच महिन्यात दोघींचं बोलणं बंद झालं. आता मलाही वाटायला लागलंय की ते म्हणतात तेच खरं असेल. सगळ्यांना मिळून ‘आपल्याला जमतं’ असं वाटावं, यासाठी मुख्याध्यापिकेनं नेमकं करायचं काय?

– एक मुख्याध्यापिका, बीड जिल्हा

ताई,

‘आता मलाही वाटायला लागलंय’ हे तुमचं वाक्य मी आधी घेते. ते मोकळेपणानं लिहिलंत हे फार बरं केलंत. शाळेत मात्र ते न सांगताही कळत असतं. परिपाठाला तुम्ही कशा उभ्या राहता, चाचणीचा कागद हातात आल्यावर तुमचा चेहरा कसा होतो, हे सात जण रोज बघत असतात. म्हणून त्यांच्या आधी तुमच्या हाताला काहीतरी ठोस लागलं पाहिजे. ते मुलांच्या वह्यांत सापडेल. कुठल्या वह्यांत, ते पुढे सांगते.

पण आधी तुमच्या शिक्षकांची बाजू मांडते. ‘काही होत नाही’ हे वाक्य तेहतीस वर्षांच्या नोकरीत मी किती वेळा ऐकलं याची गणती नाही. स्वतः म्हटलंही आहे. ते आळसातून फार कमी वेळा येतं. जूनपासून एखाद्या मुलीला काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरं करत करत वाचायला आणावं, आणि दिवाळीनंतर ती कुठल्या तरी उसाच्या फडावर, कोपीत म्हणजे पाचटाच्या झोपडीत, धाकट्या भावाला सांभाळत बसावी. एप्रिलमध्ये परत आली की ‘प्रकाश’ या शब्दावर पुन्हा अडते. असं दहा वर्षं झालं की शिक्षक त्या दुखण्यापासून स्वतःला वाचवायला ‘काही होत नाही’ म्हणायला लागतो. आणि त्याच्या कष्टांनी काय बदललं, हे त्याला कुणी कधी दाखवलेलंच नसतं. त्याच्यासमोर येते ती फक्त टक्केवारी, आणि तीही शेजारच्या केंद्राशी, म्हणजे शेजारच्या शाळांच्या गटाशी, तुलना करूनच.

आल्बर्ट बांडुरा नावाचे मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. जन्म कॅनडातला, शिकवलं आयुष्यभर अमेरिकेत, स्टॅनफर्ड विद्यापीठात. ‘मला हे जमेल’ हा विश्वास माणसात कुठून येतो, याचा सिद्धान्त त्यांनी १९७७ मध्ये मांडला. पुढे १९९३ मध्ये त्यांनी तोच प्रश्न शाळांना लावून पाहिला. ‘आपण सगळे मिळून या मुलांना शिकवू शकतो’ असं जिथल्या शिक्षकांना मनापासून वाटतं, तिथली मुलं जास्त शिकतात, आणि मुलांची गरिबी हिशेबात धरली तरी हा फरक उरतो, असं त्यांना दिसलं. प्रशिक्षणात तुम्ही शिक्षणसंशोधक जॉन हॅटी यांचं नाव आणि १.५७ हा परिणामाचा आकडाही ऐकला असेल. शिकण्यावर परिणाम करणाऱ्या गोष्टींच्या त्यांच्या यादीत शिक्षकांचा हा सामूहिक विश्वास अगदी वरच्या जागी आहे. त्या आकड्यावर मी फार भिस्त ठेवत नाही. विश्वास आहे म्हणून मुलं शिकतात की मुलं शिकताना दिसतात म्हणून विश्वास येतो, हे त्यातून वेगळं काढणं अवघड आहे. माझ्या अनुभवात दोन्ही एकमेकांना ओढत नेतात, आणि आपण सुरुवात करायची ती दुसऱ्या टोकाकडून. आधी शिकलेलं मूल दिसू द्यायचं.

बांडुरांच्या मांडणीतला मला सगळ्यात उपयोगी पडलेला भाग असा. विश्वासाचा सगळ्यात मोठा झरा म्हणजे स्वतःच्या हातून पार पडलेलं काम. त्याखालोखाल, आपल्यासारख्याच माणसाला ते करताना पाहणं. मग, ज्याच्यावर आपला भरवसा आहे त्याचे शब्द. आणि या सगळ्याखाली मनाची अवस्था, म्हणजे भीती आहे, शीण आहे की उभारी आहे. आता तुमचे दोन उपाय यावर ताडून पाहा. व्याख्यान म्हणजे नुसते शब्द, तेही परक्या माणसाचे. ज्याला तुमचा पट माहीत नाही, ज्यानं तुमच्या गावची रिकामी घरं पाहिली नाहीत, त्यानं ‘तुम्ही करू शकता’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला आतून रागच येतो. आणि उत्कृष्ट शिक्षकाच्या पुरस्कारानं एकाला वर उचलून सहा जणांना खाली बसवलं. त्या दोघींचं बोलणं बंद झालं यात त्यांच्या स्वभावाचा दोष मी शोधणार नाही.

हीच चूक मी वेगळ्या रूपात केली आहे. मुख्याध्यापिका म्हणून माझी पहिलीच शाळा होती. ऑफिसच्या भिंतीवर मी इयत्तावार निकालाचा तक्ता लावला. हिरवा, पिवळा, लाल. वाटलं, चुरस लागेल. दोन महिन्यांनी पाहिलं तर वर्गातल्या कच्च्या मुलांच्या वह्या माझ्यापर्यंत येणं थांबलं होतं. एका बाईंच्या वर्गातली तीन मुलं चाचणीच्या दिवशी ‘आजारी’ होती. वर्षभर मी त्या बाईंना दोष देत राहिले. लाल रंग भिंतीवर मी चढवला होता आणि तो टाळायला त्या धडपडत होत्या, हे मला फार उशिरा उमगलं.

म्हणून पहिलं काम. येत्या बैठकीत तो पुरस्कार बंद केल्याचं सांगा, आणि सूचना वहीतून नको, तोंडी सांगा. ‘मी हे सुरू केलं, ते चुकलं, माझ्यामुळे तुमच्यात अंतर पडलं’, एवढं पुरे. त्या दोघींना मात्र बैठकीआधी स्वतंत्र भेटा, त्यांच्या त्यांच्या वर्गात जाऊन. ऑफिसात बोलावू नका. त्यांना लगेच एका कामाला जुंपायचीही घाई करू नका, तो दुरावा आपल्या गतीनं जाईल. मुख्याध्यापिकेनं चूक कबूल केली की शाळेत आणखी एक गोष्ट घडते, पण ती तुम्हाला दिसायला दोन-तीन महिने लागतील. ‘माझ्या वर्गाला हे येत नाही’ असं म्हणायची इतरांनाही मुभा मिळते.

आता त्या वह्या.

माझ्या शेवटच्या शाळेतही बोटं दाखवणं तुमच्यासारखंच होतं. गणितात मागे का, तर मागच्या वर्गानं पाया घेतला नाही. तिसरीच्या बाई दुसरीकडे, दुसरीच्या पहिलीकडे, आणि पहिलीचे गुरुजी अंगणवाडीकडे बोट दाखवत. एका शुक्रवारी मी तिसरी, चौथी आणि पाचवीला एकच कागद दिला. त्यावर चार वजाबाक्या. ७३ वजा २१, ५२ वजा २७, ४० वजा १८, ६१ वजा ३५. गुण द्यायचे नाहीत, नावं पुकारायची नाहीत. शाळा सुटल्यावर चौथीच्या वर्गात सतरंजी टाकून आम्ही सगळे बसलो आणि ते कागद मध्ये पसरले.

पहिली वजाबाकी जवळजवळ सगळ्यांची बरोबर. दुसऱ्या वजाबाकीत उत्तर हवं २५. तिसरीत निम्म्याहून जास्त मुलांनी ३५ लिहिलेलं, चौथीतही जवळपास तितक्यांनी, पाचवीतसुद्धा आठ-नऊ जणांनी. पुढे ४० वजा १८ चं ३८ आणि ६१ वजा ३५ चं ३४. तीन वर्ग, तीन शिक्षक, आणि चूक मात्र तंतोतंत एक. शाळेजवळ राहणारा चौथीतला एक मुलगा अजून मैदानात खेळत होता. त्याला बोलावून विचारलं, ‘बाळा, हे कसं केलंस?’ तो म्हणाला, ‘दोनातून सात जात नाहीत, बाई. लहानातून मोठा जात नसतो. मग सातातून दोन घालवले, पाच.’

पहिलीचे गुरुजी एकदम म्हणाले, ‘लहानातून मोठा जात नाही, हे तर मीच शिकवतो.’

त्या मुलानं हयगय केली नव्हती. आम्हीच पहिलीत दिलेला नियम त्यानं चौथीपर्यंत इमानानं पाळला होता. मग आम्ही एकमेकांना विचारत गेलो की तू हे कोणत्या शब्दांत शिकवतेस, तुम्ही कसं सांगता. तिसरीच्या बाई म्हणत ‘शेजाऱ्याकडून उसना घ्यायचा’. चौथीच्या ‘हातचा घ्यायचा’ म्हणत, आणि बेरजेतही हातचाच, त्यामुळे मुलांना तो द्यायचा की घ्यायचा हेच कळत नसे. पाचवीचे सर ‘दशक सुटा करायचा’ म्हणत. दरवर्षी मूल नव्या वर्गात जाई आणि त्याच क्रियेला नवं नाव ऐकी. उसना म्हटल्यावर एका मुलीनं पाचवीत सरांना विचारलं होतं, ‘सर, मग तो परत कधी द्यायचा?’ सरांनी ते आम्हाला तेव्हा सांगितलं. त्या प्रश्नात किती अक्कल होती हे त्यांनाही त्या सतरंजीवरच कळलं.

आम्ही ठरवलं की पुढचे तीन आठवडे सगळ्या शाळेत एकच भाषा बोलायची. ‘सुटे कमी पडले तर गठ्ठा सोडायचा.’ पहिलीपासून. खराट्याच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे, लाल दोऱ्यानं बांधलेले, प्रत्येक वर्गात. बावन्न म्हणजे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. सत्तावीस द्यायच्यात. सात सुट्या मागितल्या, आहेत दोनच. मुलानं स्वतःच्या हातानं दोरा सोडायचा, झाल्या बारा. बारातून सात दिल्या. दोरा सोडण्याची ती कृती मी आजही डोळ्यांसमोर आणू शकते. काही मुलांना गाठ सुटत नसे, ती दातांनी सोडत. दुसऱ्या आठवड्यात काड्या बाजूला ठेवून चित्र, तिसऱ्यात नुसते अंक.

तीन आठवड्यांनी तसाच कागद, अंक बदलून. पुन्हा सतरंजी. या वेळी प्रत्येक मुलाचा जुना कागद डावीकडे आणि नवा उजवीकडे ठेवला. सगळं जादूसारखं सुटलं असं मी म्हणणार नाही. तिसरीत सहा मुलं तिथंच होती, पाचवीत दोन. पण बाकीचे कागद एकामागून एक समोर येत गेले आणि खोलीत कुणी बोलेना. मग पाचवीचे सर, जे बैठकीत कायम खिडकीबाहेर बघत बसायचे, त्यांनी खडू घेतला, फळ्यावर ४०३ वजा १५८ लिहिलं आणि म्हणाले, ‘आता हे घेऊ. मध्ये शून्य आलं की आपली पोरं पुन्हा अडणार. शंभराचा गठ्ठा बांधावा लागेल.’

त्यांच्या ‘घेऊ’ आणि ‘आपली पोरं’ या शब्दांसाठी मी तीन वर्षं थांबले होते. ताई, तुम्ही पत्रात जे मागताय ते हेच. त्यांना मी प्रेरणा दिली नव्हती. सात जणांनी मिळून केलेल्या कामाचा पुरावा त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता, आणि तो कुणा एकाचा नव्हता. पहिलीच्या गुरुजींनी एक वाक्य बदललं, त्याचा गुण तिसरीत दिसला.

तुमच्या शाळेत वजाबाकीच घ्या असं नाही. दुसरीतलं जोडाक्षरांचं वाचन असेल, ऐकलेली गोष्ट चार ओळींत लिहिणं असेल. पण काम एवढं लहान निवडा की तीन-चार आठवड्यांत हलताना दिसेल, आणि एवढं सामाईक निवडा की पहिलीपासून सातवीपर्यंत प्रत्येकाचा त्यात हात असेल. ‘गुणवत्ता वाढवू’ हे काम होत नाही, ते कधी संपलं हे कुणालाच कळत नाही. आणि निवड तुम्ही एकट्यानं करू नका. दोन-तीन विषय पुढे ठेवा आणि त्यातला एक त्यांना उचलू द्या. तुमच्या पसंतीचा नसला तरी चालेल.

वेळ कुठून आणायचा हे तुम्ही विचारणार. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास धरले आहेत, आणि त्यात तयारीचा वेळ मोजलेला आहे. तयारी एकत्र बसून करायला कुणाचीच हरकत असायचं कारण नाही. प्रत्यक्षात तो वेळ कुठं जातो, हे आपल्याला माहीत आहे. ग्रुपवर ‘तात्काळ’ म्हणून आलेली माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, फोटो, लिंक. त्यात कुणी बीएलओ असतं, म्हणजे मतदार यादीचं काम अंगावर. निवडणूक, जनगणना आणि आपत्ती ही कामं कायद्यानंच शिक्षकांवर टाकली आहेत, ती टळणार नाहीत. पण बाकीच्या कागदांसमोर मुख्याध्यापकानं भिंतीसारखं उभं राहायला हवं, असं माझं ठाम मत आहे. रोजची माहिती तुम्ही एकट्या किंवा एका मदतनीसाबरोबर मधल्या सुट्टीनंतर भरा. आठवड्यातला एक तास नेमून द्या, त्या तासात कुठलीही सूचना वाचायची नाही, कुठलीही सही घ्यायची नाही. त्यांची शेवटची गाडी किती वाजता आहे ते बघून वेळ ठरवा. गाडी चुकेल या धास्तीत बसलेला माणूस वह्या बघत नाही. आम्ही शनिवारचा शेवटचा तास धरला होता. सहावी-सातवीची मुलं लहान वर्गांना गोष्टी वाचून दाखवत, दोन शिक्षक आळीपाळीनं त्यांच्यावर लक्ष ठेवत, बाकीचे सतरंजीवर. पहिल्या काही शनिवारी गोंगाट फार झाला. होऊ द्या.

नंतर, घाई न करता, वर्ग उघडा. जपानमध्ये शंभराहून अधिक वर्षं एक पद्धत चालत आली आहे, ‘जुग्यो केंक्यू’, म्हणजे पाठाचा अभ्यास. काही शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एक जण तो शिकवतो, बाकीचे बघतात. बघायचं असतं मुलांकडे. कुणी कुठं थांबलं, कुणी शेजाऱ्याचं बघून लिहिलं, कुठल्या प्रश्नाला डोळे उजळले. पाठ सगळ्यांनी मिळून आखलेला असतो, त्यामुळे फसला तर सगळ्यांचा फसतो. आपल्याकडे वर्गात दुसरं माणूस आलं की ती तपासणी असते आणि मागोमाग शेरा येतो, म्हणून शिक्षक आकसतो. त्यावर मला एकच उपाय सापडला. पहिला पाठ मुख्याध्यापिकेनं घ्यावा, आणि तोही अवघड वर्गावर. मी पाचवीवर अपूर्णांक घेतला आणि तो पडला. मुलं गप्प बसली. पाठीमागे बसलेल्या बाईंनी नंतर सांगितलं, ‘तुम्ही एक छेद दोन म्हणालात तेव्हा मागची तिघं भाकरी मोडल्यासारखे हात करत होती, तुमचं लक्ष फळ्याकडे होतं.’ त्या दिवसानंतर वर्ग उघडायला कुणाला सांगावं लागलं नाही. तुम्ही पाठ घ्याल तेव्हा शेरे लिहायचं लॉगबुक ऑफिसातच राहू द्या.

तुमच्या पत्रात नसले तरी एक जुने सर तुमच्याकडे नक्की असतील. ‘हे सगळं बघून झालंय, मॅडम’ म्हणणारे. त्यांना नकारात्मक म्हणून बाजूला टाकू नका. त्यांनी खरंच बघितलेलं असतं. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा राज्याचा कार्यक्रम आला, २०२१ मध्ये केंद्र सरकारचं ‘निपुण भारत’ आलं, मध्ये आणखी किती तरी. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटचं, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या हाताखालच्या शाळांचं, नाव राज्यभर गाजलं तेव्हा गाड्या भरभरून शिक्षक तिथं पाहायला गेले. तिथं मुलं वर्गाच्या फरशीवर काढलेल्या आकृत्यांवर बसून शिकत, म्हणून परत येऊन गावोगाव वर्गांच्या फरशा रंगल्या. तिथल्या विस्तार अधिकारी आणि शिक्षक काही वर्षं एकमेकांबरोबर शिकत, चुकत त्या फरशीपर्यंत पोचले होते. ते शिकणं-चुकणं गाडीत घालून आणता आलं नाही. असा रंग उडालेला ज्यांनी पाहिलाय, त्या सरांचा संशय मला रास्त वाटतो. त्यांना मुलांबद्दल जे माहीत आहे ते तुम्हाला नव्यानं येऊन माहीत नाही. कुठलं घर कुठल्या मुकादमाच्या टोळीत जातं, कोणतं मूल आजीजवळ राहतं, कुणाचा काका फोन उचलतो. ते त्यांना विचारा, मनापासून, आणि त्याचं काहीतरी करा.

कारण दिवाळीनंतर वर्ग ओस पडतो हे खरं आहे, आणि ते नाकारून उभा केलेला विश्वास पहिल्याच ट्रॅक्टरबरोबर गावाबाहेर जाईल. माझ्या मते तुमच्या शाळेची सामाईक कामगिरी हीच असायला हवी. जूनच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत नव्वद-शंभर दिवस मुलं तुमच्याजवळ असतात. त्या दिवसांत प्रत्येकानं सोबत काय घेऊन जायचं, हे सगळ्यांनी बसून ठरवा. स्थलांतर करणाऱ्या मुलाला दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड द्यायचंच आहे, ते देताना त्यासोबत वहीच्या पहिल्या पानावर मुलाच्याच अक्षरात चार ओळी असू द्या : मला काय येतं, मी कुठं अडते, माझ्या बाई कुठल्या, त्यांचा फोन. ते मूल कारखान्याजवळच्या शाळेत गेलं तर तिथल्या शिक्षकाला पहिल्या दिवशी ते पान दिसेल. आणि मार्च-एप्रिलमध्ये ते परत आलं की त्याला कोण बसवून घेणार, कोणत्या पानापासून, हे आधीच ठरलेलं असेल. मागच्या वर्षी परतलेलं मूल कुठं होतं आणि यंदाचं कुठं आहे, ही तुलना तुमच्या शिक्षकांना मिळू द्या. शेजारच्या केंद्राशी केलेल्या तुलनेनं त्यांच्या हाती काहीच येत नाही.

बोलण्याबद्दल थोडं. बैठकीत ‘कुणी शिकवलं नाही’ असा सूर निघाला की तुम्ही शांतपणे विचारा, ‘मूल नेमकं कुठं अडतंय? वही दाखवा.’ दरवेळी हेच. काही आठवड्यांनी लोक वही घेऊनच यायला लागतात. केंद्रप्रमुख किंवा गटशिक्षणाधिकारी बोलतील तेव्हा ते बोलणं तुम्ही स्वतः घ्या, ऑफिसातच ठेवा, वर्गावर नेऊन वाटू नका. आणि ते कौतुक करतील तेव्हा ‘आमचा स्टाफ फार चांगला’ एवढ्यावर सोडू नका, त्या शब्दांनी कुणाच्याच पोटात काही पडत नाही. ‘गठ्ठे लाल दोऱ्यानं बांधायचे हे तिसरीच्या मॅडमना सुचलं, त्यामुळे मुलांना ते लांबून ओळखू येतात’, असं सांगा, त्या समोर असताना.

सगळे येणार नाहीत. सातातला एखादा शेवटपर्यंत सतरंजीच्या कडेलाच बसेल. त्याच्यासाठी थांबू नका, त्याच्यावर चिडूही नका, त्याच्या वर्गाचे कागद मात्र मध्ये येऊ द्या.

तर सोमवारी एवढंच करा. तिसरी, चौथी, पाचवीला ती चार गणितं द्या, किंवा तुमच्या शिक्षकांना वेगळं काही सुचलं तर ते. कागद आधी घरी नेऊन एकट्या बघा, तुम्हाला स्वतःलाही काहीतरी दिसायला हवंय म्हणून. किती ठिकाणी पस्तीस आहेत ते मोजा. मग शनिवारी सतरंजी टाका. आणि दिवाळीच्या सुट्टीआधी, मुलं गावाबाहेर पडायच्या आत, मला पुन्हा लिहा : पस्तीस किती उरले, आणि ‘आता हे घेऊ’ असं पहिल्यांदा कुणी म्हटलं.

तुमची,
बाई